चार बोटांची पायरी

जीवराम नानांची पायवाट इतकी सोपी आहे, की पहिल्यांदा तिच्यावरून चाललो तेव्हा मला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं.

मी धरणगावला हायस्कुलात इतिहास शिकवतो. गेली पंचवीस वर्षं मी सगळे गड फळ्यावरच चढतो आणि खडू संपला की उतरतो. पण डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा बघितला, मग माझ्या पोटाकडे बघितलं आणि चालायला लागा म्हणाले. चालायचंच तर काहीतरी मर्दानी चालावं म्हणून मी जळगावहून बूट आणले. खोक्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. ते बूट घालून मी वाकपिंप्रीला गेलो आणि तीन किलोमीटर अशा जमिनीवरून चाललो, जिच्यावरून माझी आजी परातीत पाणी घेऊन, थेंब न सांडता गेली असती.

वाकपिंप्रीजवळ गिरणा मोठा वाक घेते. त्या वाकाच्या आतल्या बाजूला पुराने वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला आहे. त्याला आम्ही मळई म्हणतो. त्या मळईवर करंज, जांभूळ, सादडा आणि उंबर यांचं रान उभं आहे. पूर आला की हे रान आपल्या कमरेइतक्या पाण्यात असतं, उतरला की चिखलात, आणि दसऱ्यानंतर सावलीत. जांभळाच्या फांद्यांत दोन पुरुष उंचीवर कपाशीच्या पऱ्हाट्या, पोत्यांचे तुकडे आणि एखादं लुगडं अडकलेलं दिसतं. नवा माणूस वर बघून हे कुणी वाळत घातलं म्हणून विचारतो. ते पुराने घातलेलं असतं.

या रानातून दर रविवारी जीवराम नाना लोकांना फिरवून आणतात. नाना एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी एरंडोल–सुरत गाडीवर. निवृत्त झाले, पण गाडी काही त्यांच्यातून उतरली नाही. बंधाऱ्यावरून फेरी सहा चाळीसला सुटते. सहा एकेचाळीसला आलेल्या माणसाला आमच्या पाठी दिसतात. कमरेला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी बांधलेली. एक टोला दिला की थांबायचं, दोन दिले की निघायचं. थांबे ठरलेले: जोड करंज, मोठा सादडा, उंबर, आणि शेवटचा, डोहावरचं जांभूळ. प्रत्येक थांब्यावर नाना खांद्याला हात लावून माणसं मोजतात. अकरा माणसं उघड्या रानात चालत असतात आणि नाना मागून म्हणतात, "पुढे सरका, पुढे जागा आहे." उंबरावर थांबलो की सांगतात, "पाच मिनिटं. उतरून कोणी लांब जाऊ नका." कशातून उतरायचं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. सगळे निमूटपणे उतरल्यासारखं करतात.

खांद्याला पत्र्याची पेटी असते, जुनी तिकिटांची. आता तिच्यात हळद, कापूस, चिमटा आणि काटा काढायची सुई असते. त्याची गरज पडते, कारण या रानात करंज-जांभळाच्या जोडीला वेडी बाभूळ आहे. जोडीला कसली, तिचंच राज्य आहे. पायवाटेच्या दोन्ही अंगांना तिची भिंत उभी. काटा बोटभर लांब, आणि मोडून आत राहिला तर पाय आठवडाभर ठणकतो. नानांनी ही सगळी वाट त्या भिंतीतून एकट्याने कापून काढली आहे. दर पावसाळ्यात नदी ती बुजवून टाकते आणि दर दसऱ्याला नाना कुदळ-कोयता घेऊन पुन्हा सुरू करतात.

आणि ती सोपी करतात, अगदी लाज वाटावी इतकी. मुळं वर आली असतील तर त्यांवर गाळ दाबतात. उतार असेल तिथे बाभळीचे ओंडके बसवून पायऱ्या करतात, आणि कुठलीही पायरी चार बोटांपेक्षा उंच असत नाही. हाताची चार बोटं जोडून, जमिनीला टेकवून, एकेक मोजलेली. मी एकदा वाकून मोजून पाहिली. चारच. मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, या वाटेवरून बाबागाडी ढकलत नेता येईल. बाळ जागंही व्हायचं नाही."

बाकीचे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी मागे वळून बघितलं. मागून भाईदास आबा काठी टेकत येत होते.

भाईदास आबा म्हणजे नानांचे शेजारी, वयाने वर्षभराने मोठे, आणि त्या एका वर्षाचा मान रोज वसूल करणारे. उजवा पाय लंगडा. वीस-बावीस वर्षं सुरतेला एका इमारतीच्या फाटकावर बसून काढली, टाळेबंदीच्या वर्षी गावी आले आणि इथेच राहिले. नानांच्या फेरीचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात कटकटे प्रवासी तेच. पूर्वी हात दाखवला तरी हा माणूस गाडी थांबवायचा नाही, आता कोणी हात न दाखवता दर शंभर पावलांवर थांबवतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नाना त्यांना उलट बोलत नाहीत. सगळ्या गावाला नियम सांगणारा हा माणूस भाईदास आबांसमोर नव्या सुनेसारखा गप्प असतो. आम्ही त्याला जुनी मैत्री समजत होतो.

उंबराच्या थांब्यावर आबांचा कार्यक्रम असे. कोणी नवीन माणूस आला असेल तर आबा बुंध्याला टेकून बसत, चप्पल काढत आणि टाच दाखवत. गडावर तोफगोळ्याची खूण दाखवतात, त्या थाटात. टाचेचा लिंबाएवढा भाग नाही. मग गोष्ट. इथेच, या काट्यांच्या मागे, त्यांची टरबूज-खरबुजांची वाडी होती. पूर उतरला की मळईत वेल लावायचे आणि उन्हाळ्यात फळ एरंडोलच्या बाजारात न्यायचं. मग एका मोठ्या पुराने ही वेडी बाभूळ आणली. दोन-चार वर्षांत वाडी गिळली. ती साफ करायला गेले तर काटा टाचेत मोडला, पिकला, दवाखान्यात कापावा लागला. उभ्याने कष्ट करायचं संपलं, म्हणून बसायचं काम शोधत सुरतेला जावं लागलं. गोष्टीचा शेवटही ठरलेला. देवाने पूर आणला, पुराने काटा आणला आणि या जीवरामाने वाट आणली, असं म्हणत ते काठीने नानांकडे दाखवत.

त्या क्षणी नानांना हमखास काहीतरी काम निघे. पेटी उघडत, मिटत. मोजलेली माणसं परत मोजत. मुलांच्या नुसत्या चेहऱ्यावरून गृहपाठ कोणी केला नाही हे ओळखण्याबद्दल मी शाळेत प्रसिद्ध आहे. आणि तो चेहरा मी दोन हिवाळे समोर बघितला आणि त्याला विनय समजलो.

विनय दिसला की शिक्षकाला सत्कार सुचतो. तो आमच्या व्यवसायातला आजार आहे. मी सरपंच कामिनीताईंना भेटलो. त्यांनाही कल्पना आवडली. जानेवारीतला एक रविवार ठरला. फेरी झाली की डोहावरच्या जांभळाखाली भरीत-भाकरी, आणि टोपी, रुमाल, शाल, नारळ देऊन जीवराम नानांचा सत्कार. टोपी भाईदास आबांच्या हातून घालायची. ही शेवटची कल्पना माझी, आणि मी तिच्यावर फार खूश होतो. निमंत्रणपत्रिकाही मीच लिहिली. नानांनी तीन वेळा नको म्हटलं. पहिल्यांदा हात जोडून, दुसऱ्यांदा तब्येतीचं सांगून, तिसऱ्यांदा काहीच न सांगता. मी तिन्ही वेळा हसून त्यांच्या पाठीवर थाप मारली.

सत्काराच्या आधीच्या गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला. एकटेच या, म्हणाले.

उंबराच्या थांब्यापासून त्यांनी मला वाट सोडून आत नेलं. काटे बाजूला धरत, वाकून, कधी गुडघ्यावर. माझ्या बर्फाच्या डोंगराच्या बुटांना आयुष्यात पहिल्यांदा काम मिळालं. शंभरेक पावलांनी नाना थांबले आणि म्हणाले, "सर, ही झाडं बघा."

मी बघितली. वेड्या बाभळीच होत्या, पण म्हाताऱ्या. बुंधे माझ्या मांडीएवढे जाड. बघून झाल्यावर मी, आता काय, अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिलं.

"मोजा."

अकरा भरल्या. आणि मोजता मोजता मला दिसलं, की त्या एका रांगेत आहेत. दोन-दोन हातांवर, दोरी लावल्यासारख्या सरळ.

"पूर काही रांगेत लावत नाही," नाना म्हणाले.

मग तिथेच उकिडवे बसून, माझ्याकडे न बघता त्यांनी जे सांगितलं ते असं. एक्याण्णव साल. त्यांची आणि भाईदासची वाडी शेजारी-शेजारी. भाईदासच्या बकऱ्या होत्या, सात. त्या बकऱ्यांना भाईदासच्या वाडीत कधी काही आवडलं नाही. त्यांना नानांचेच वेल लागत. रोज भांडण. भाईदास म्हणे, बकरीला सात-बारा वाचता येत नाही. नाना म्हणत, मालकाला तरी येतो का. एकदा सुरतेच्या फेरीत व्याऱ्याजवळ ज्या ढाब्यावर गाडी थांबायची, तिथल्या मालकाच्या कुंपणाकडे नानांचं लक्ष गेलं. मालक मूळचा कच्छचा. कुंपण वेड्या बाभळीचं, आणि असं, की बकरीच काय, हवाही आत जाताना विचार करेल. नानांनी शेंगा मागितल्या. मालकाने देताना सांगितलं, लावू नकोस, हे झाड मालकाचं ऐकत नाही. पण घरी बकऱ्यांनी छळलेला माणूस असलं काही ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. नानांनी तिकिटांच्या पेटीचा एक कप्पा रिकामा करून शेंगा भरल्या आणि वाडीच्या कडेने दोरी लावून बी टोचलं.

दोन वर्षं स्वर्ग. बकऱ्या बाहेर उभ्या राहून आत बघायच्या. तिसऱ्या वर्षी झाडांना शेंगा आल्या. पिवळ्या, गोड. बकऱ्यांनी त्या खाल्ल्या आणि लेंड्यांतून सगळ्या मळईभर पेरल्या. ते बी उगवू लागलंच होतं, तोवर मोठा पूर आला आणि त्याने उरलेलं काम केलं. दोन्ही वाड्या गेल्या. गावाने पुराला बोल लावला. नाना गप्प बसले. पुढे भाईदासच्या टाचेत काटा मोडला, तेव्हाही गप्प बसले.

"माझा पगार होता, सर," नाना म्हणाले. "त्याची वाडी होती."

एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण भाईदास सुरतेला गेले ते नानांच्याच गाडीने. पायाला फडकं गुंडाळलेलं. कंडक्टरच्या मागच्याच बाकावर बसले, म्हणजे गप्पा मारता येतील. त्यांचं तिकीट नानांनी फाडलं. व्याऱ्याच्या ढाब्यावर गाडी थांबली, तेव्हा दोघांनी त्याच कुंपणासमोर बाकड्यावर बसून चहा घेतला. भाईदास कुंपणाकडे बघून म्हणाले, बघ जीवराम, इथंपण पूर आला होता वाटतं.

आता ती चार बोटं मला कळली. ही वाट आम्हा साखरवाल्यांसाठी नव्हतीच. ती एका लंगड्या पायाच्या मापाने कापली होती. आम्ही तिच्यावरचे फुकटे प्रवासी होतो.

यानंतर मी काय केलं ते सांगायलाच हवं. मला कळवळा आला. कळवळ्याच्या मागोमाग, वाटून झालेल्या दीडशे पत्रिका डोळ्यांसमोर आल्या. मी नानांना म्हटलं, तीस-पस्तीस वर्षं झाली, आता कशाला उकरायचं. पुरावर आळ आला आहे आणि पुराची काही तक्रार नाही. आबा या वयात सुखात आहेत, त्यांना कशाला दुखवायचं. तुम्ही वाट केलीत, फेडलंत. टोपी घ्या आणि गप्प बसा. हे सगळं मी फार समजूतदार आवाजात सांगितलं. तो आवाज मी एरवी पालकांसाठी राखून ठेवतो.

"असं म्हणता?" नाना म्हणाले.

"असंच म्हणतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. परत येताना ते पुढे होते. माझ्या अंगाला काटे लागू नयेत म्हणून प्रत्येक फांदी धरून उभे राहत होते.

शनिवारी संध्याकाळी वांग्यांची टोपली पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. नाना नव्हते. रत्ना अक्का, म्हणजे नानांची बायको, ओट्यावर कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ चाळत होत्या. त्यांनी टोपली घेतली, पाणी दिलं आणि पुन्हा चाळायला बसल्या. मी निघालो तेव्हा चाळणीतून डोळे न उचलता म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले म्हणून तुम्हाला विचारायला आले होते ते." मी काहीतरी गुळमुळीत बोललो. चपला उलट्या पायांत घातल्या हे मला वेशीपाशी आल्यावर कळलं.

रविवारी फेरी वेळेवर सुटली. त्या दिवशी साठ-सत्तर माणसं होती. नानांनी साठ-सत्तर खांद्यांना हात लावला. पुढे सरका म्हणाले नाहीत. जांभळाखाली पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, बडगीत, म्हणजे लाकडी खलात, मिरच्या-लसणासकट ठेचली, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर लोकांनी ती अशी खाल्ली, की सत्कार वांग्यांचा आहे असं वाटावं. मग कामिनीताई थोडक्यात बोलल्या. मग मी बोललो.

मला भाषण करायला आवडतं. सुरू झालं की ते मला जिकडे नेईल तिकडे मी जातो. त्या दिवशीही गेलो. नदीचं सांगितलं, रानाचं सांगितलं, आणि ओघात मोठा पूर आला. माझ्या तोंडून निघून गेलं, की निसर्गाच्या एका लहरीने हा काटा इथे आणला आणि एका माणसाच्या हातांनी त्यातून वाट काढली. टाळ्या पडल्या. मी नानांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. एखादा प्रवासी फाटकं तिकीट दाखवून आत बसतो, तेव्हा कंडक्टर त्याच्याकडे बघतो, तसे.

भाईदास आबा टोपी घेऊन पुढे आले. टोपी झटकली, फुंकर मारली आणि म्हणाले की या डोक्यात आजवर फक्त वेळापत्रक होतं, आज टोपी जाणार आहे. लोक हसले. आबांनी हात उचलला. नानांनी त्यांचं मनगट धरलं.

"भाईदास, थांब," नाना म्हणाले, आणि पुढचं अहिराणीत. "हाई बाभूय मी लई उनू. मीच पेरी."

आबांना वाटलं, गंमत आहे. ते हसतच म्हणाले, "कव्हय?"

"एक्याण्णव साले. तुन्ह्या बकऱ्यास्मुये." मग नानांनी सगळं सांगितलं, थांबे न घेता. ढाबा, शेंगा, पेटीचा कप्पा, दोरी, रांग. ज्यांना मागे ऐकू येत नव्हतं ते पुढे सरकले. त्या दिवशी तेवढेच पुढे सरकले.

आबांचं हसू मधेच कुठेतरी गेलं. हात मात्र टोपीसकट वरच होता. त्यांनी विचारलं, "आन मन्हा पाय?"

"तोबी," नाना म्हणाले.

आबांनी मनगट सोडवून घेतलं. टोपी कोणाच्याच डोक्यावर न घालता जांभळाच्या मुळावर ठेवली, नीट, सरळ करून. मग विचारलं, हे आणखी कोणाला माहीत होतं. इथे एखादा व्यवहारी माणूस कोणालाच नाही म्हणाला असता. पण एकदा खरं बोलायला लागलेला माणूस मधल्या थांब्यावर उतरत नाही. नाना म्हणाले, "रत्नाले. आन सरले."

भाईदास आबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात भाषणाचा कागद होता.

"मास्तर," ते शुद्ध मराठीत म्हणाले, "भाषण चांगलं झालं तुमचं."

आणि काठी टेकत, त्या चार-चार बोटांच्या पायऱ्या उतरत, एकटेच परत गेले.

लोकांनी मग दोन तट केले, जसे ते करतात. काहींनी नानांना शिव्या घातल्या, काही म्हणाले की इतक्या वर्षांनी सांगायची गरज काय होती. हा दुसरा पक्ष मला बाजूला घेऊन माझं मत विचारी, आणि मी जगात पहिल्यांदा एखाद्या विषयावर मत नसलेला शिक्षक झालो. नाना तीन वेळा आबांच्या दारी गेले. दोनदा दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा सुनेने उघडून, आबा झोपले आहेत असं सांगितलं. आत आबा रेडिओ लावून बसले होते.

फेऱ्या मात्र चालू राहिल्या. तीन रविवार. माणसं आठ, मग सहा, मग चार. नाना प्रत्येक थांब्यावर मोजत, संपवत, आणि मग हात हवेत थोडा वेळ तसाच ठेवत. शेवटच्या खांद्याच्या पलीकडे, जिथे आबा असायचे. मी दर रविवारी गेलो. साखरेसाठी गेलो असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे, मी नाही गेलो तर नाना मला माफ करतील अशी मला भीती होती, आणि ती माफी मला नको होती.

चौथ्या रविवारी आम्ही उंबरापाशी पोचलो तेव्हा भाईदास आबा तिथे आधीच बसलेले होते. ते सहा चाळीसच्या कितीतरी आधी, एकटे, आले असणार. नानांनी घंटीला हात घातला आणि न वाजवताच सोडून दिला. आबा उठले. नानांकडे बघितलं नाही. काठीचं टोक काट्यांच्या भिंतीकडे केलं, बरोबर त्या अकरा झाडांच्या दिशेने.

"मन्ही वाडी तठे शे," ते म्हणाले. "वाट कर."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. शाळा सुटली की मीही तिथे जाऊ लागलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी आबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि घरून त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची आणायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी मला खुर्चीच्या मागे घमेलं दिसलं. मी ते उचललं. गाळ भरायचा, नाना दाखवतील तिथे टाकायचा, पुन्हा भरायचा. माझे बूट पहिल्याच आठवड्यात उसवले.

नाना कोयत्याने तोडत, कुदळीने सपाट करत, ओंडका बसवत आणि चार बोटं टेकवून माप घेत. आबा खुर्चीत बसून बघत. नानांशी बोलत नसत. फारच गरज पडली तर माझ्यामार्फत. समोर सहा हातांवर बसलेल्या माणसाला, त्याला सांगा की मूळ ठेवू नको, असं ते मला सांगत, आणि मी ते नानांना सांगे. नाना मला हो म्हणून सांगत आणि मी ते आबांना कळवे. पुढे पुढे मला हे भाषांतराचं काम आवडायला लागलं, पण तसं तोंडावर दिसू न देण्याची काळजी घेत होतो. एकदा रत्ना अक्का दुपारचा चहा घेऊन आल्या. पहिला पेला आबांना दिला, दुसरा नानांना, आणि बराच वेळ विचार करून तिसरा मला.

पायरी झाली की आबा उठत. उजवा पाय, तो टाच नसलेला, हळूच वर ठेवत. वजन देत. मग बहुतेक वेळा म्हणत, "उंच शे."

नाना वाद घालत नसत. बोटं टेकवून दाखवत नसत. ओंडका उपसत, खालचा गाळ काढत आणि पुन्हा बसवत.

तेराव्या दिवशी आम्ही अकरा झाडांपर्यंत पोचलो. पलीकडे वाडी म्हणावं असं काही नव्हतं. काटेरी झुडपं, आणि मधे खाटेएवढी मोकळी जागा, जिथे गाळ अजून मऊ होता. नानांनी रांगेतली दोन झाडं पाडून फट केली आणि तिच्यात शेवटची पायरी बसवली. आबा खुर्चीतून उठले. दोन झाडांच्या बुंध्यांमधून आत बघत राहिले, पुष्कळ वेळ. नाना कुदळ धरून बाजूला उभे होते. मला दिसत होतं की त्यांनी श्वास धरून ठेवला आहे. मीही धरला होता, पण माझ्या पोटाला तो फार वेळ धरवत नाही.

आबांनी पाय पायरीवर ठेवला. वजन दिलं. काठी काढून घेऊन पुन्हा दिलं. मी वाकून बघितलं. ती पायरी तीन बोटांचीही नव्हती.

"जीवराम," आबा म्हणाले. काम सुरू झाल्यापासून पहिल्यांदा ते माझ्यामार्फत नाही, थेट नाव घेऊन बोलले. "उंच शे."

नाना गुडघ्यावर बसले. मी घमेलं उचललं.